कोथिंबीर गोठली म्हणून लगेच बोर्ड बदलू नका

वाचकांचे प्रश्न : घरातली यंत्रं

फ्रिजबद्दल विचारा असं मागच्या वेळी म्हटलं आणि पत्रांचा ढीगच आला, त्यातली निम्म्याहून जास्त आपल्या ठाणे-नवी मुंबईतली. बहुतेकांचं दुखणं फिरून फिरून एकच, मेकॅनिक येतो, पाच मिनिटं दार उघडून बघतो आणि म्हणतो सेन्सर गेला किंवा बोर्ड (फ्रिज चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) गेला, आणि आपल्याला काहीच कळत नसतं म्हणून आपण मान डोलावतो. मी सव्वीस वर्षं हेच काम करतोय. सेन्सर ही फ्रिजमधली अशी एक वस्तू आहे की जी खरी की खोटी हे घरच्या ओट्यावर, एक ग्लास बर्फ आणि तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर एवढ्यावर कळतं. म्हणून या वेळी सगळी जागा तिलाच दिलीय.

प्रश्न : दादा, आमचा डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आहे, सात वर्षं झाली. दोन आठवड्यांपासून खालच्या भागात सगळं गोठतंय. दुधाच्या पिशवीत बर्फाचे खडे, कोथिंबीर काचेसारखी कडक होते आणि बाहेर काढली की काळी पडून लगदा. कॉम्प्रेसर थांबतच नाही. एक मेकॅनिक म्हणाला बोर्ड गेला, सात हजार लागतील. दुसरा म्हणाला गॅस कमी झालाय. तिसऱ्याला बोलवायचीच आता भीती वाटते. सेन्सर असेल का? आणि घरच्या घरी कळेल का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : ताई, आधी ते गॅसचं डोक्यातून काढून टाका. गॅस कमी झाला की फ्रिज गार होणं कमी होतं, वरचं आईस्क्रीम पातळ पडतं, कॉम्प्रेसर धाप लागल्यासारखा चालतो पण काम होत नाही. तुमच्याकडे तर कोथिंबीर गोठतेय, म्हणजे गार करायची ताकद ठणठणीत आहे, त्याला फक्त कुठे थांबायचं ते कळत नाहीये. आणि कुठे थांबायचं ते सांगायचं काम सेन्सरचं. तेव्हा तुमचा संशय बरोबर दिशेला आहे.

आता हा सेन्सर म्हणजे काय ते जरा नीट समजून घ्या, कारण एवढं समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. फ्रिजच्या आत, बाजूच्या किंवा मागच्या भिंतीवर एक छोटी जाळीवाली प्लॅस्टिकची टोपी असते, तिच्यामागे हरभऱ्यापेक्षा जरा मोठी, बहुतेक पांढरी गुटी असते आणि तिच्यातून दोन बारीक वायरी निघतात. बस एवढंच. याला एनटीसी थर्मिस्टर म्हणतात, थंड झाला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे वीज अडवायची ताकद, वाढतो, गरम झाला की कमी होतो. बोर्ड तो रेझिस्टन्स वाचतो आणि आत किती डिग्री आहे ते समजतो, त्याला दुसरे डोळे नाहीत. खूप फ्रिजमध्ये १० के चा सेन्सर असतो, म्हणजे २५ डिग्रीला १० किलोओहम. तोच ४ डिग्रीला साधारण २४ ते २७ किलोओहम दाखवतो आणि शून्याला २७ ते ३४. काही कंपन्या ५ के चा वापरतात, त्याचे आकडे याच्या साधारण निम्मे धरा. शून्याच्या आसपास दर एका डिग्रीला रेझिस्टन्स ५ टक्क्यांच्या जवळपास हलतो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा बिघडतो कसा? वायर तुटली तर रेझिस्टन्स एकदम अनंत होतो, बोर्डाला ते कळतं, तो डिस्प्लेवर कोड टाकतो किंवा लाईट ब्लिंक करतो आणि ठरलेल्या वेळाने कॉम्प्रेसर चालू-बंद करत दिवस काढतो. हा त्यातल्या त्यात चांगला बिघाड, कारण तो लपत नाही. तुमच्याकडे जे वाटतंय ते दुसरंच आहे. ती गुटी सीलबंद असते, पण वर्षानुवर्षं थंड-गरम होऊन सीलला केसाएवढी भेग पडते आणि आत ओल जाते. आपल्याकडे एका बाजूला खाडी, जून ते सप्टेंबर हवा अशी की सुकत घातलेले कपडे दोन दिवस वास मारतात, दर वेळी दार उघडलं की ती ओली हवा आत जाऊन गार भागावर पाणी धरते. ते पाणी दोन वायरींच्या मध्ये वीज झिरपायला बारीक वाट करून देतं. समजा तुमचा सेन्सर ४ डिग्रीला २७ किलोओहम दाखवायला हवा, पण ओलीमुळे तो २० दाखवतोय, तर बोर्डाला वाटतं आत १० डिग्री आहे. मग तो गार करत राहतो. कुठपर्यंत? तर त्याला २७ दिसेपर्यंत. मी कागदावर हिशोब मांडून बघितला, एवढ्याच झिरपण्याने खरं तापमान उणे ४ च्या आसपास जातं. झाली की कोथिंबीर काच. आणि बोर्डाला यात काही चुकलंय असं कळतच नाही, कारण २० काय आणि २७ काय, दोन्ही आकडे त्याच्या दृष्टीने शक्य कोटीतले आहेत, म्हणून कोड येत नाही आणि म्हणूनच मेकॅनिक फसतात.

आता तपासायचं. पण काही उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, गोठणारी भाजी मागच्या गार हवेच्या झरोक्याला चिकटून तर ठेवलेली नाही ना, कारण तिथे चांगल्या फ्रिजमध्येसुद्धा पालक गोठतो. दोन, एका ग्लासात पाणी भरून त्यात साधा थर्मामीटर बुडवून (तापाचा नको, तो एवढं खाली दाखवत नाही) मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. हवेचं तापमान दार उघडलं की पळतं, पाण्याचं पळत नाही. ३ ते ५ आलं तर फ्रिज ठीक आहे, ठेवायची जागा चुकतेय. शून्य आलं किंवा वर पापुद्रा धरला तर पुढे चला.

फ्रिजचा प्लग काढा. बटण बंद केलं एवढ्याने भागत नाही, प्लगच काढा. इन्व्हर्टर फ्रिज असेल तर त्याच्या बोर्डावर प्लग काढल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहतो, त्यामुळे मागचं पत्र्याचं झाकण घरच्यांनी उघडायचंच नाही, ते मेकॅनिककडे ठेवा. आपलं काम आतल्या टोपीपाशी. टोपी बहुतेक वेळा चपट्या स्क्रूड्रायव्हरने अलगद उचकटते, थंड असताना प्लॅस्टिक कडक होऊन तुटतं म्हणून दार उघडं ठेवून अर्धा तास थांबा. सेन्सर बाहेर ओढला की मागे छोटा कनेक्टर येतो, तो सोडवायचा. कनेक्टर न सोडवता मीटर लावलात तर बोर्डाचाही रेझिस्टन्स मिसळतो आणि आकडा खोटा येतो. कनेक्टर इथे नसेलच, वायर सरळ भिंतीत जात असेल, तर कापू नका, ते बोर्डाच्या टोकाला मोजावं लागतं आणि ते मेकॅनिकचं काम.

आता बर्फ. बर्फाचे खडे स्वच्छ फडक्यात बांधून लाटण्याने ठेचायचे, अख्खे खडे नकोत, चुरा हवा. स्टीलच्या ग्लासात चुरा गच्च भरायचा आणि वरून थोडंसंच पाणी, बर्फ तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं. ढवळून पाच मिनिटं ठेवा. असं बर्फ-पाणी शून्य डिग्रीलाच थांबतं, जोवर बर्फ शिल्लक आहे तोवर, याच्यापेक्षा अचूक आणि फुकट मोजमाप घरात दुसरं नाही. सेन्सरची गुटी त्यात मधोमध बुडवा, ग्लासच्या तळाला टेकू देऊ नका, आणि कनेक्टर मात्र कोरडा बाहेर. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बुडवू नका हां, खूप जण काळजीपोटी तसं करतात, पण गळका सेन्सर ओला झाल्यावरच खोटं बोलतो, पिशवीत तो शहाण्यासारखा वागेल.

मीटर रेझिस्टन्सवर, २०० के च्या रेंजला. इथे एक चूक मी शंभरदा बघितलीय. लोक २० के ची रेंज लावतात, घरातल्या हवेत ८-९ दिसतं, बरं वाटतं, मग बर्फात घातल्यावर डिस्प्लेवर नुसता १ येतो आणि म्हणतात ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, सेन्सर गेला. गेला नाही हो, आकडा २० च्या वर गेला म्हणून मीटरला दाखवता आला नाही, रेंज वाढवा. आणि मीटरच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी बोटं लावू नका, आपलं अंगही वीज वाहतं आणि त्यानेही आकडा खाली येतो.

दहा मिनिटं धीर धरा. चांगला सेन्सर सावकाश चढत जातो आणि २७ ते ३४ मध्ये कुठेतरी येऊन बसतो, बसला की हलत नाही. गळका सेन्सर चढतो, २० ला अडकतो, मग १८, मग २२, मग परत १९, असा थरथरत राहतो. ती थरथर एकदा बघितली की परत कोणाला विचारावं लागत नाही. नंतर बाहेर काढून पुसून चिमटीत धरा, आकडा सलग उतरत जायला हवा, उड्या मारत नाही. आणि वायर कनेक्टरजवळ हळूच वाकवून बघा, वाकवताना आकडा उडाला तर गुटी चांगली आहे, वायर आतून तुटलीय.

मूळ आकडा १० के की ५ के हे माहीत नसेल तर एक सोपी युक्ती, फ्रिजमध्ये बहुतेकदा एकाहून जास्त सेन्सर असतात आणि खूप मॉडेलमध्ये ते सारखेच असतात. दुसरा सेन्सर काढता येत असेल तर दोन्ही एकाच ग्लासात घालून मोजा. दोघे सारखं बोलले तर दोघांवर विश्वास ठेवा, वेगळं बोलले तर जो थरथरतोय तो लबाड.

सेन्सर खोटा निघाला तर तुमचं काम दोन-चारशेच्या सुट्या भागात आणि मजुरीत होईल, सात हजार वाचले. खरा निघाला तरच मग गार हवेचा डॅम्पर, म्हणजे ती हवा खाली सोडणारी झडप, उघडाच अडकलाय का ते बघायचं आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. बोर्डावर संशय असेल तर चांगला मेकॅनिक सेन्सरच्या जागी एक ३३ किलोओहमचा साधा रेझिस्टर लावून बघतो, काही रुपयांचा मिळतो. १० के च्या फ्रिजला वाटतं आत शून्य डिग्री आहे, त्याने खाली गार हवा सोडणं बंद करायलाच हवं. तरीही सोडत राहिला तर बोर्ड दोषी, आणि मग सात हजार द्यायला माझी हरकत नाही. पण ही चाचणी न करता बोर्ड बदला म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. मी हे एवढ्या ठामपणे लिहितोय कारण हीच चूक माझ्या हातून झालीय, ऐरोलीला एका आजींच्या घरी, त्यांच्या पेन्शनच्या पैशातून मी बोर्ड बदलला आणि चार दिवसांनी दूध परत गोठलं. दोष सेन्सरच्या वायरीच्या जोडात होता, आधीच्या कोणीतरी नुसती काळी टेप गुंडाळलेली, उलगडली तर आत तांबं हिरवं पडलेलं. जुना बोर्ड परत बसवून पैसे परत दिले, पण तो हिरवा जोड डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून सेन्सर बदलताना वायर जोडावी लागली तर जोड सोल्डर करून त्यावर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवायला सांगा. जोडामुळे वायरीत दोन-चार ओहम वाढले तर २७ हजार ओहमपुढे ते काहीच नाही, फरक पडतो तो ओलीने.

प्रश्न : वरचा फ्रीझर एकदम कडक, खालचा भाग मात्र कोमट. सेन्सर दोनदा बदलून झाला. आठ-दहा दिवस चांगला चालतो आणि परत तेच. काय करावं? (एक वाचक, कासारवडवली, घोडबंदर रोड)

उत्तर : साहेब, तुमचा पहिला सेन्सरही चांगला होता आणि दुसराही. तो बिचारा खरं सांगतोय की खाली गरम आहे, खाली गरमच आहे. गार हवा खालपर्यंत पोचत नाही.

तुमच्याच पत्रात खूण दडलीय, आठ-दहा दिवस चांगला चालतो. सेन्सर बदलायला फ्रिज बंद करून उघडा ठेवला, तेवढ्यात मागच्या पॅनेलआडचा बर्फ वितळला आणि वाट मोकळी झाली, मग परत हळूहळू बर्फ साचला. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये गार करणाऱ्या नळ्यांच्या कॉइलवर साचलेला बर्फ ठराविक वेळाने हीटर लावून वितळवतात, ते काम तुमच्याकडे होत नाहीये. त्या साखळीत हीटर, त्याचा थर्मल फ्यूज, आणि कॉइलला चिकटवलेला डिफ्रॉस्टचा सेन्सर किंवा बायमेटल (तापमानाने आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच) एवढे गडी आहेत. खात्री करायला एकदा फ्रिज रिकामा करून प्लग काढून चोवीस तास दारं उघडी ठेवा, खाली जुनी चादर पसरा, पाणी बरंच येतं. त्यानंतर परत आठवडाभर मस्त चालला आणि मग बिघडला तर मेकॅनिकला सांगा की मला डिफ्रॉस्टची लाईन तपासून हवीय. हीटर मीटरवर ओपन आहे का, फ्यूज ओपन आहे का, हे पाच मिनिटांचं काम. बायमेटल मात्र घरातल्या तापमानाला ओपनच दाखवतो, तो थंड झाल्यावरच जुळतो, त्यामुळे गरम असताना मोजून गेला म्हणणाऱ्याला थांबवा. आणि तोवर सुरीने बर्फ खरवडू नका, आतली नळी फुटली तर गॅस गेला आणि मग खर्च खरंच मोठा. आजकाल पुष्कळ फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

प्रश्न : आमच्याकडे पण दूध गोठतंय. पण मला दुधाची नाही, आईच्या इन्सुलिनची काळजी आहे. फ्रिज दुरुस्त होईपर्यंत काय करू? गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चालतं का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : नाही चालत. हे आधी, फ्रिज नंतर. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून दिसायला पहिल्यासारखं दिसलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, आणि तुमचा फ्रिज आत्ता शून्याखाली जातोय. आजच ते सगळं बाहेर काढा, ज्याच्याबद्दल शंका आहे ते वेगळं ठेवा आणि डॉक्टर किंवा केमिस्टला दाखवून विचारा. शेजारच्या घरी ठेवायला सांगा, खरंच सांगा, संकोच करू नका, सोसायटीत एवढ्यासाठी कोणी नाही म्हणत नाही. पण तिथेही मागच्या भिंतीला चिकटवून नको आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नको, मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला, डब्यात. चालू असलेली बाटली किंवा पेन किती दिवस बाहेर चालतं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातच ३० च्या वर जातं तेव्हा नुसत्या ओट्यावर ठेवू नका, माठाशेजारी गार जागेत ठेवा आणि तरी केमिस्टला विचारा.

फ्रिज दुरुस्त झाल्यावरही लगेच परत ठेवू नका. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ वाचा, चारही वेळा २ ते ८ मध्ये आलं की मग. ज्या घरात इन्सुलिन आहे तिथे तो थर्मामीटर कायमचा आत असायला हवा असं माझं मत आहे, शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे.

प्रश्न : ऑनलाइन १० के चा सेन्सर खूप स्वस्त मिळतोय. कंपनीचा महाग पडतो. दोन्ही १० के च आहेत मग फरक काय? लावला तर चालेल ना? (एक वाचक, वाशी)

उत्तर : २५ डिग्रीला दोन्ही १० के, हे खरं. पण तुमचा फ्रिज २५ डिग्रीला चालतच नाही. थंड होत जाताना रेझिस्टन्स किती वेगाने वाढतो हे प्रत्येक सेन्सरचं वेगळं असतं, त्याला बीटा व्हॅल्यू म्हणतात. बाजारात ३४३५ बीटाचाही १० के मिळतो आणि ३९५० चाही. बर्फाच्या ग्लासात पहिला २८ च्या आसपास दाखवतो, दुसरा ३३ च्या पुढे. मघाशी म्हटलं तसं डिग्रीला ५ टक्के धरा, म्हणजे चुकीचा लावला तर साधारण ३-४ डिग्रीची फसवणूक कायमची. एका बाजूला चुकलं तर भाजी गोठेल, दुसऱ्या बाजूला चुकलं तर वरण आंबेल, आणि तुम्ही म्हणाल नवीन सेन्सर टाकूनही फ्रिज नीट नाही.

स्वस्त घ्यायला माझा विरोध नाही. स्टेशनजवळच्या फ्रिज-एसी स्पेअरच्या दुकानात जुना सेन्सर हातात घेऊन जा, फ्रिजच्या आतल्या स्टिकरचा फोटो घ्या, मॉडेल नंबरवरून जुळणारा मागा. दुकानदार नुसता कनेक्टर बघून देत असेल तर थांबवा. कनेक्टर सारखा असला म्हणजे आतलं सारखं असं नाही.

प्रश्न : आमचा जुना सिंगल डोअर, गोल नॉबवाला. त्याचाही सेन्सर खराब होतो का? चालू होतो, मग दोन-दोन दिवस बंदच होत नाही. (एक वाचक, कळवा)

उत्तर : काका, तुमच्या फ्रिजमध्ये इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही, थर्मोस्टॅट आहे. नॉबच्या मागून एक बारीक नळी निघते आणि फ्रीझरच्या पत्र्याला चिकटलेली असते, तिच्यात गॅस भरलेला असतो, थंडीने तो आकसला की आतला स्विच टक करून सुटतो. नॉब चालूवरून बंदकडे सावकाश फिरवा आणि कान द्या, टक ऐकू यायला हवं. टक झालं तरी कॉम्प्रेसर चालूच राहिला तर आतले पॉइंट चिकटलेत, थर्मोस्टॅट बदला. टक होतंय, नॉबने बंदही होतो, फक्त आपणहून होत नाही असं असेल तर ती नळी पत्र्यापासून सुटलीय का बघायला सांगा, बर्फ काढताना ओढली जाते. नळी जागेवर क्लिपमध्ये बसवली की खूपदा एक पैसा न लागता काम होतं. दाराचं रबर पण बघा, दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावायचं आणि ओढायची, सहज निघाली तर तिथून गार हवा जातेय आणि कॉम्प्रेसरला थांबायला फुरसतच नाही.

प्रश्न : डिस्प्लेवर ३ डिग्री आणि आत ठेवलेल्या थर्मामीटरवर ९. म्हणजे सेन्सर गेला ना? (एक वाचक, मानपाडा, ठाणे)

उत्तर : एवढ्यावरून नाही म्हणता येत. पुष्कळ फ्रिजचा डिस्प्ले आतलं खरं तापमान दाखवतच नाही, तुम्ही सेट केलेलं दाखवतो. बटण दाबून ५ करा, आकडा लगेच ५ झाला तर समजा तो तुमचंच म्हणणं तुम्हाला परत दाखवतोय. ९ मात्र खरं धरा आणि आज भाजी-दूध लवकर संपवा. दाराचं रबर, आतला फॅन, मग सेन्सर, या क्रमाने बघा.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स करते. बाबांनी मेकॅनिक बोलवायच्या आधी मी दोन्ही सेन्सर काढून मोजले. घरात ३० डिग्री होतं तेव्हा खालचा ८.२ आणि फ्रीझरचा ७.९. बर्फात खालचा ३२.५ ला थांबला. फ्रीझरचा २४ पर्यंत गेला, मग २१, मग २३, थांबतच नाही. आमच्याकडे फ्रीझरमध्ये सगळं दगड होतंय आणि लाईट बिल वाढलंय. माझं मोजणं बरोबर आहे का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : अगदी बरोबर आहे, आणि घरातलं तापमान लिहून ठेवलंस हे मला सगळ्यात आवडलं, त्याशिवाय ८.२ ला काही अर्थ नव्हता. १० के चा सेन्सर ३० डिग्रीला ८ च्या आसपासच दाखवतो. खालचा खणखणीत आहे, त्याला हात लावू नका. फ्रीझरचा गेलाय. कोरडा असताना तो जवळजवळ खरं बोलला आणि पाण्यात फसला, म्हणजे आत ओल जातेय. रेझिस्टन्स कमी म्हणून बोर्डाला फ्रीझर गरम वाटतोय, तो उणे १८ ला थांबायचा सोडून पुढे जातोय, दगड आणि बिल दोन्ही त्यामुळेच.

मेकॅनिकला फक्त एवढं सांग की फ्रीझरचा सेन्सर बदलायचाय, आणि तुझा कागद त्याच्या हातात दे. नवीन आला की बसवण्याआधी तोही बर्फात घालून बघ, ३२-३३ च्या आसपास येऊन स्थिर थांबला पाहिजे, नवीन आहे म्हणून सोडू नकोस. बसवताना सेन्सर आधी होता त्याच जागी, त्याच क्लिपमध्ये बसतोय ना ते उभं राहून बघ. आणि जुना टाकू नकोस, महिनाभर उन्हात सुकव आणि परत एकदा बर्फात मोज. काय आकडा आला ते मला कळव.